फिल्मवरील छायाचित्रांसाठी घरगुती स्कॅनर व प्रिंटरची निवड : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड ते श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतच्या गावांत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कौटुंबिक आणि सार्वजनिक जीवनाचा मोठा दृश्य पुरावा आजही फिल्मवर आहे. लग्नकार्ये, नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होड्या, गणपतीला मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, इस्रायल आळीतील बेने इस्रायली कुटुंबांचे समारंभ, असे हे साहित्य विविध आहे. ते कोणत्याही अभिलेखागारात नाही. घरातील पत्र्याच्या डब्यांत, कपाटाच्या वरच्या खणात आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या पाकिटांत आहे. दुसरीकडे, अलीकडे काही तरुण हौशी छायाचित्रकार पुन्हा फिल्मकडे वळले असून घरच्या घरी कृष्णधवल रोल धुऊ लागले आहेत. या दोन्ही वर्गांना, तसेच महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी वा नॅकच्या अहवालासाठी जुनी छायाचित्रे शोधणाऱ्या प्राध्यापकांना, एकच प्रश्न पडतो : घरी किंवा विभागात कोणते यंत्र घ्यावे?

हा प्रश्न बहुधा ‘कोणता फोटो प्रिंटर चांगला?’ अशा रूपात विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या किनाऱ्यावर तरी प्रश्नाचा क्रम उलटा असावा. आधी निगेटिव्हची अवस्था आणि आकार पाहावा, त्यानुसार स्कॅनर ठरवावा, उपलब्ध रकमेचा मोठा भाग त्यावर खर्च करावा. प्रिंटरचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि अनेकदा तो न घेणेच योग्य ठरते. छपाई पाच वर्षांनीही करता येईल. तेवढ्या काळात निगेटिव्ह टिकेलच असे नाही.

निगेटिव्ह का नष्ट होते?

फिल्मचे दोन भाग असतात : आधारपट्टी आणि तिच्यावरील जिलेटिनचा थर. कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमा या थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांची, तर रंगीत फिल्ममध्ये रंजकांची बनलेली असते. जिलेटिन हा प्राणिज पदार्थ असून बुरशीचे ते उत्तम खाद्य आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी वाढू लागते आणि कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता याच्या कितीतरी वर असते. बुरशी केवळ पृष्ठभागावर बसत नाही. ती जिलेटिन पचवते आणि तो भाग पाण्यात विरघळण्याजोगा होतो. त्यामुळे बुरशी लागलेली निगेटिव्ह ‘स्वच्छ’ करण्यासाठी पाण्यात बुडवणे म्हणजे प्रतिमाच धुऊन टाकणे होय. हा उपाय सद्हेतूने अनेक घरांत केला जातो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला. कोरडा मऊ ब्रश आणि आवश्यक तेथे फिल्म क्लीनर किंवा ९८ टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढेच वापरावे.

दुसरे संकट आधारपट्टीचे. बहुतेक रोल सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर बनत. उष्णता आणि दमटपणा यांमुळे या पट्टीतून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, पट्टी आक्रसते आणि वाकते. सुटलेले आम्लच पुढील ऱ्हासाला वेग देते, म्हणून एकदा सुरू झालेली प्रक्रिया उलटवता येत नाही. रॉचेस्टर येथील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या मांडणीनुसार २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला हा रोग जडायला सुमारे ४० वर्षे लागतात. तापमान आणि आर्द्रता वाढली की हा काळ वेगाने घटतो. आपल्याकडील घरांत यांपैकी एकही अट पाळली जात नाही. १९७० किंवा १९८० च्या दशकातील निगेटिव्ह या हिशेबाने आज मुदतीच्या पलीकडेच आहेत.

यात आकस्मिक आपत्तींची भर पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन परिसरात छपरे उडाली, पाऊस थेट घरांत आला. त्यानंतर वाचलेल्या अल्बममधील छायाचित्रे प्लास्टिकला वा एकमेकांना चिकटलेली आढळतात. ती ओढून सोडवू नयेत. अल्बमचे पान आहे तसे काचेवर ठेवून स्कॅन करावे. अशा पानासाठी कोणता स्कॅनर चालतो, हे पुढे येईल.

पारदर्शक आणि अपारदर्शक

या किनाऱ्याचा छायाचित्रणाशी असलेला संबंध केवळ घरगुती नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या आणि ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. त्या काळच्या पद्धतीत चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशबिंदू फिरत्या छायाचित्र-कागदावर पडे आणि दिवसभराची वक्ररेषा उमटे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हा दीर्घ इतिहास म्हणजे मूलतः छायाचित्रांचाच संग्रह आहे. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था त्याची जपणूक करते.

हा दाखला येथे देण्याचे कारण यंत्रनिवडीशी निगडित आहे. चुंबकालेख हा अपारदर्शक कागद असतो. त्यावर प्रकाश पडून परत येतो आणि स्कॅनर तो टिपतो. निगेटिव्ह किंवा स्लाइडमधून मात्र प्रकाश आरपार जावा लागतो, म्हणजे दिवा मागच्या बाजूला, झाकणात हवा. कार्यालयात असणाऱ्या ‘तीन-इन-वन’ यंत्रात असा दिवा नसतो. त्यामुळे प्रिंटर-स्कॅनर-कॉपीयर एकत्र असलेले यंत्र घेतले की दोन्ही कामे होतील, ही अपेक्षा फिल्मच्या बाबतीत फोल ठरते. कॅननच्या लाइड मालिकेतील सडपातळ स्कॅनरचीही हीच मर्यादा आहे; लाइड ४०० च्या खोक्यावर ४८०० डीपीआय असा आकडा असला तरी तो फिल्म वाचू शकत नाही. शिवाय या यंत्रांतील सीआयएस प्रकारचा संवेदक काचेला चिकटलेली वस्तूच स्पष्ट पाहतो. फुगलेल्या अल्बमचे पान काचेपासून काही मिलिमीटर वर राहिले की चित्र धूसर येते. सीसीडी संवेदक असलेल्या फ्लॅटबेड स्कॅनरला एवढी उंची चालते. चिकटलेल्या अल्बमसाठी म्हणूनच सीसीडी यंत्र हवे, मग ते जुने का असेना.

आकड्यांचा अर्थ

जाहिरातीतील डीपीआय, म्हणजे इंचामागील बिंदूंची संख्या, ही यंत्र किती बिंदू मोजते ते सांगते. किती तपशील दिसतो ते सांगत नाही. भिंग, केंद्रीकरण आणि यांत्रिक हालचाल यांमुळे प्रत्यक्ष विभेदनक्षमता बरीच कमी भरते. एप्सन परफेक्शन व्ही ६०० या लोकप्रिय स्कॅनरचा घोषित आकडा ६४०० आहे. चाचण्यांत तो सुमारे दीड हजारांपर्यंत पोहोचतो. त्याच कंपनीचा व्ही ८५० सुमारे तेवीसशेपर्यंत जातो. केवळ ३५ मिलिमीटर फिल्मसाठी असलेले प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८१०० किंवा ८२००आय हे ७२०० चा दावा करतात आणि तीन हजारांहून थोडे अधिक देतात. निकॉनचे कूलस्कॅन ४००० सांगत आणि जवळजवळ तेवढेच देत. त्यांचे उत्पादन बंद झाले असून ते आता वापरलेल्या स्थितीतच मिळतात.

हे आकडे निगेटिव्हच्या आकाराशी जोडल्याखेरीज निरर्थक आहेत. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. खऱ्या १६०० डीपीआयने ती वाचली तर सुमारे २२७० × १५१० बिंदू मिळतात आणि इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या नेहमीच्या मापाने साडेसात × पाच इंचांची प्रत निघते. खऱ्या २४०० ला हीच प्रत साधारण ११ × ७.५ इंचांची होते. आता १२० चा रोल घ्यावा. आग्फाच्या क्लिक-३ सारखे कॅमेरे त्यावर बारा चौरस चित्रे देत आणि प्रत्येक चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६ × ५६ मिलिमीटरची असे. तोच व्ही ६००, तेच १६०० डीपीआय, आणि प्रत जवळजवळ १२ इंच चौरस! म्हणजे ज्या घरात १९६० किंवा १९७० च्या दशकातील चौकोनी निगेटिव्ह आहेत, तेथे मध्यम किमतीचा फ्लॅटबेड पुरेसा आहे. ज्याच्याकडे सर्व रोल ३५ मिलिमीटरचे आहेत आणि भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रत हवी आहे, त्याने त्याच पैशांत प्लस्टेकसारखा केवळ फिल्मचा स्कॅनर घ्यावा. स्टुडिओची मोठ्या आकाराची सुटी निगेटिव्ह हाताशी आली तर मात्र व्ही ६०० च्या झाकणातील अरुंद दिवा अपुरा पडतो. तेथे व्ही ७००, व्ही ८०० किंवा व्ही ८५० यांपैकी एखादा लागतो. ही यंत्रे बरीच वर्षे बाजारात असल्याने खरेदीपूर्वी उपलब्धता, फिल्म धरण्याच्या चौकटी आणि दुरुस्तीची सोय यांची खात्री करावी.

फुगवलेल्या आकड्यांवर स्कॅन करण्याची किंमतही मोजावी लागते. ३५ मिलिमीटरची एक चौकट २४०० डीपीआय व ४८ बिट रंगात सुमारे ४६ मेगाबाइट होते. तीच ६४०० ला घेतली तर सुमारे ३३० मेगाबाइट. ३६ चौकटींचा एक रोल या दुसऱ्या पद्धतीने जवळजवळ १२ गिगाबाइट जागा खातो आणि तपशील तेवढाच राहतो. आपल्या यंत्राची खरी मर्यादा शोधण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एखादी स्पष्ट निगेटिव्ह, शक्यतो पाटीवरील अक्षरे असलेली, कमाल आकड्यावर स्कॅन करावी. तिची एक प्रत संगणकात निम्म्या मापाची करून पुन्हा मूळ मापाला वाढवावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. फरक दिसत नसेल तर निम्मा आकडाच पुरेसा आहे. आणखी खाली जाऊन हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

डीमॅक्स, म्हणजे वाचता येणारी कमाल घनता, हा दुसरा आकडा. हे मान लॉगॅरिदमिक असल्याने ३.० म्हणजे हजारातील एक भाग आणि ४.० म्हणजे दहा हजारांतील एक भाग प्रकाश आरपार जाणे. निगेटिव्ह सहसा इतकी गडद नसते. स्लाइडच्या सावल्या मात्र असतात. त्यामुळे ज्याच्याकडे स्लाइड नाहीत त्याने डीमॅक्सच्या वाढीव आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

अवरक्त किरणांची मर्यादा

धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी ‘डिजिटल आइस’ सारखी सुविधा हे अनेक यंत्रांचे आकर्षण असते. तिचे तत्त्व सोपे आहे. रंगीत फिल्ममधील रंजके अवरक्त किरणांना पारदर्शक असतात, धूळ नसते. म्हणून अवरक्त प्रकाशात घेतलेल्या वेगळ्या स्कॅनमध्ये केवळ दोष दिसतात आणि संगणक ते भरून काढतो. पण कृष्णधवल फिल्ममधील चांदी स्वतःच अवरक्त किरण अडवते. यंत्र प्रतिमेलाच धूळ समजते आणि चेहऱ्यांच्या कडा विद्रूप करते. आपल्याकडील जुना ठेवा, उदकमंडलमच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलपासून स्टुडिओच्या निगेटिव्हपर्यंत, प्रामुख्याने कृष्णधवल आहे. त्यासाठी ही सुविधा बंद ठेवावी लागते. परदेशी गेलेल्या नातलगांनी पाठवलेल्या कोडाक्रोम स्लाइडवरही ती भरवशाची नाही. म्हणजे संग्रह कृष्णधवल असेल तर प्लस्टेकच्या ८२००आय ऐवजी अवरक्त सुविधा नसलेला, स्वस्त ८१०० घेऊन काहीच गमावत नाही. १९८५ नंतरच्या रंगीत निगेटिव्ह अधिक असतील तर मात्र ही सुविधा तासन्‌तास श्रम वाचवते.

ज्यांच्याकडे २४ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो भिंग आहे त्यांना तिसरा मार्ग मोकळा आहे : चांगल्या एलईडी प्रकाशफलकावर निगेटिव्ह ठेवून तिचे छायाचित्र घेणे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याने एकास एक प्रमाणात टिपलेली ३५ मिलिमीटरची चौकट सुमारे ४००० डीपीआयच्या बरोबरीची असते आणि एक रोल काही मिनिटांत संपतो. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पडदा उतरवणे हे त्यातील कौशल्याचे काम. महाविद्यालयात असा कॅमेरा आधीच असेल तर नवा स्कॅनर घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. माझ्या मते अनेक विभागांची खरेदी त्यानंतर अनावश्यक ठरेल.

स्कॅनरलाही या हवेचा त्रास होतो. काचेच्या आतल्या बाजूस धुरकट थर जमतो आणि स्कॅन निस्तेज येतात. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या पिशव्यांसह झाकून ठेवावे. स्कॅनिंगचे मुख्य काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतच्या तुलनेने कोरड्या दिवसांत करावे. त्या काळात फिल्मही कमी वाकते. ज्या डब्याला व्हिनेगरचा वास येतो, तो मात्र पहिल्या दिवशी घ्यावा आणि इतर फिल्मपासून वेगळा ठेवावा.

प्रिंटर

येथे लेखकाचे मत स्पष्ट आहे : आठवड्यातून एकदाही छपाई होणार नसेल तर इंकजेट फोटो प्रिंटर घेऊ नये. शाईचे छिद्र वापराअभावी सुकते, ते मोकळे करताना शाई वाया जाते आणि वर्षभरात यंत्र कोपऱ्यात पडते. स्कॅन केलेल्या फाइलवरून शहरातील कलर लॅबमध्ये चांदीयुक्त छायाचित्र-कागदावर काढलेली प्रत स्वस्त पडते आणि टिकाऊही असते.

नियमित छपाई करणाऱ्यासाठी निवड शाईवर अवलंबून आहे. रंजकयुक्त शाई कागदात मुरते, रंग झगझगीत येतात. पण दमट हवेत रंग पसरण्याची आणि प्रकाशात फिके पडण्याची शक्यता अधिक. रंगद्रव्ययुक्त शाईचे घन कण पृष्ठभागावर बसतात, त्या प्रती पाणी व प्रकाश अधिक सोसतात. यंत्र मात्र महाग असते. एप्सनचा एल ८०५० आणि कॅननचा पिक्स्मा जी ५७० हे दोन्ही टाकीचे, सहा रंजक-शायांचे प्रिंटर आहेत. पहिल्यात फिका निळा आणि फिका किरमिजी, तर दुसऱ्यात लाल आणि करडा हे अतिरिक्त रंग आहेत. कृष्णधवल छपाईत करड्या शाईचा उपयोग होतो, कारण केवळ रंगीत शायांच्या मिश्रणातून साधलेल्या करड्या छटेला हिरवी वा जांभळी झाक येते. प्रदर्शनासाठी किंवा अभिलेखासाठी प्रती काढणाऱ्या संस्थेने कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-३०० सारखा दहा रंगद्रव्य-शायांचा प्रिंटर पाहावा. टाकीत बाजारातील सुटी ‘कंपॅटिबल’ शाई भरण्याचा मोह सर्वत्र दिसतो. परिपत्रके छापायला ती ठीक आहे. आजोबांचे छायाचित्र त्या शाईत छापून फ्रेम करू नये.

पोस्टकार्ड मापाच्या प्रतींपुरती गरज असेल तर कॅनन सेल्फीसारखा डाय-सब्लिमेशन प्रिंटर किनाऱ्यावर विशेष सोयीचा ठरतो. त्यात द्रवरूप शाईच नसल्याने काही सुकत नाही. रंग उष्णतेने फितीवरून कागदावर उतरतो आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर चढतो. फीत व कागद एकत्र मिळत असल्याने प्रत्येक प्रतीचा खर्च आधीच ठरलेला असतो.

विजेच्या लपंडावाचाही येथे विचार हवा. इंकजेट प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच शाईचे डोके झाकणाखाली परत जाते. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा भिंतीवरचे बटण थेट बंद केले, तर डोके उघडे राहून सुकते. लहान यूपीएस हा म्हणून येथे चैनीचा विषय नाही. फोटो कागदाचे उघडलेले पाकीट हवाबंद डब्यात ठेवावे, अन्यथा कागद वाकतो आणि त्यावर रुळांचे ठसे उमटतात.

नोंदी

मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवावी. निसर्गचा अनुभव पाहता एकाच घरातील दोन प्रती म्हणजे एकच प्रत होय. चित्रातील व्यक्ती, स्थळ आणि अंदाजे वर्ष यांची नोंद फाइलच्या वर्णन-रकान्यात युनिकोड देवनागरीत करावी. जुन्या विशिष्ट फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. १९८१ पूर्वीच्या पाकिटांवर ‘जि. कुलाबा’ असे लिहिलेले असते. ते तसेच उतरवून घ्यावे आणि पुढे रायगड असे नमूद करावे, नाहीतर नवखा अभ्यासक ते छायाचित्र मुंबईच्या कुलाब्यात शोधत बसेल. आधुनिक फोटो कागदाची पाठ प्लास्टिकच्या थराची असल्याने तिच्यावर बॉलपेन नीट उमटत नाही आणि शाई पुढच्या प्रतीला लागते. म्हणून छपाईच्या वेळीच चित्राखाली बोटभर पांढरी पट्टी सोडून तिच्यात नावे डावीकडून उजवीकडे छापून घ्यावीत.